लंडन – पाच तास

चूक आधीच कबूल करते, म्हणजे तुम्हाला हसून घेता येईल. मुंबईहून लंडन पाच तासांवर आहे, असं मी एके काळी अख्ख्या गल्लीला सांगून बसले होते!

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही धुळ्याला, देवपुरात राहायचो. माझा सुधीर नोकरीसाठी लंडनला निघाला होता. तिकिटावर सुटण्याची वेळ सकाळी सहा, पोचण्याची अकरा. अकरातून सहा गेले, पाच! एसटीला धुळ्याहून मुंबईच आठ तास… पण बाईसाहेबांना शंका म्हणून आली नाही. अंतर सात हजार किलोमीटरच्या वर, हेही पाठ होतं. भागाकार करायची अक्कल तेवढी नव्हती.

भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. विश्वास होता सुधीरवर. निघताना वदवून घेतलं होतं, "उतरल्यावर पहिला फोन मला. जळगावला नंतर." जळगावची मुलगी ठरली होती ना त्याला! "माई, तुझी शपथ," म्हणाला.

फोन शेजारच्या नानांकडे. नाना भुसावळहून रिटायर झालेले रेल्वेचे गार्ड. साडेदहापासून मी मेथीची जुडी घेऊन त्यांच्या ओट्यावर. बरोबर अकराला घंटी वाजली. नानांनी उचलला. "सुधीर शे," म्हणत माझ्या हाती दिला.

"माई, पोचलो. दशम्या सगळ्या संपल्या." …आणि लाइन कटली.

मी लगेच तिथूनच जळगावला फोन लावला. "आमच्याकडे आला बरं फोन! तुमच्याकडे?" "अजून नाही हो," विहीणबाई म्हणाल्या. काय गोड वाटलं म्हणून सांगू!

इकडे नाना तिकिटाच्या वेळा विचारून बोटं मोजत बसलेले. चेहरा उतरला त्यांचा.

"अक्का, तठलं घड्याय साडेचार तास मांगे शे. इमान आजून आभायमाच शे व!"

"विमान अजून आभाळात? मग बोललं कोण? आवाज तुम्ही ऐकलात ना?"

"आयका ना… त्यानाच व्हता."

चारला विहीणबाईंचा फोन – "सुधीरराव आत्ता उतरले. आमच्या मुलीशी बोलले." मी मनात म्हटलं, जळतेय बाई! आणि सुधीरला ऐटीत पत्र टाकलं – तुझा फोन पोचला, शब्द पाळलास.

दोन वर्षांनी तो लग्नासाठी आला. नव्या सुनेपुढे मी मिरवायला लागले, "पहिला फोन मला केला हो यानं!" तसा तो मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेला.

नाना आता नाहीत. तो आवाज ऐकलेली मी एकटीच उरलेय. माझ्याच चुकलेल्या वेळेवर फोन कुणी केला, हे मला आजही सांगता येत नाही. सुधीर काय म्हणाला, तेवढं सांगते –

"माई, हिच्याशी बोललो आणि तुला करायचा राहूनच गेला गं. तू पत्रात फोन पोचला म्हणून लिहिलंस, मला वाटलं, लोकांत माझी लाज राखतेयस."