दगडावरच्या बाईचं आडनाव

ग्रुपवर मी फक्त लाईक करते, पण आज गप्प बसवत नाहीये.

सकाळी आपल्या सिंगापूरच्या हेरिटेज वॉकला स्कॉटलंडच्या एक आजी आल्या होत्या. जुन्या दफनभूमीत त्यांच्या पणजोबांचा दगड सापडला आणि त्या रडायलाच लागल्या. पणजोबांच्या नावाखाली एका बाईचं नाव होतं, पण आडनाव वेगळं. मधली ओळ झिजलेली.

वॉक घेणारे काका हसून आजींना म्हणाले, "ही बायको नाही हां, ठेवलेली असणार." आजींचा चेहरा पडला.

मी दर रविवारी हे दगड वाचत बसते. स्कॉटिश लोक बायकोचं माहेरचंच आडनाव लिहायचे. हळूच सांगितलं, तर काका म्हणतात, "शाळा सोडलीस ना गं? मग राहू दे."

मी आजींना शेजारच्या स्कॉटिश दगडापाशी नेलं. तिथे आडनाव वेगळं आणि 'वाइफ' अगदी स्पष्ट. आजींनी माझा हात घट्ट धरला. काकांनी साधं सॉरी म्हटलं नाही.

काका, माझ्या आईच्या इथे राहण्याच्या पासवरही अजून माहेरचंच आडनाव आहे. दर गणपतीत चोआ चू कांगच्या आमच्या घरी जेवता. मग सांगा, तुम्हाला आग्रहाने वाढणारी ती बाई माझ्या बाबांची कोण?