बाराचा ट्रॅक्टर

नवा ट्रॅक्टर घेण्याइतके पैसे नव्हते आणि जुना घेण्याइतकी अक्कल नव्हती, हे आधीच कबूल करून टाकते.

शाळेतून निवृत्त झाले आणि रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या वरच्या अंगाला, सड्याच्या कातळ-पठारावरची आमची हापूसची कलमं मी स्वतः बघायला लागले. घरात मी एकटीच. फवारणीचा पंप ओढायला, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर न्यायला दर वेळी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट बघायची. तो 'उद्या नक्की येतो बाई' म्हणणार आणि मोहोर करपल्यावर उगवणार. एक दिवस डोकं फिरलं आणि सरळ शोरूममध्ये जाऊन उभी राहिले. तिथला माणूस धुराच्या नव्या नियमांचं पुराण घेऊन बसला. मोठ्या इंजिनांना धूर गाळायची यंत्रणा आता सक्तीची, तिचे सेन्सर वेगळे, तिचा कॉम्प्युटर वेगळा. छोट्यांनाही आज ना उद्या लागणार, म्हणाला. बिघडलं तर? तर म्हणे कोल्हापुराहून माणूस लॅपटॉप घेऊन येईल. म्हटलं, अहो, आमच्याकडे शेजारच्या गावातला वायरमन येत नाही, तुमचा माणूस घाट उतरून कशाला येतोय!

तेव्हा आमच्याकडची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीनं जुन्याचं डोक्यात भरवलं. जुन्या डिझेल इंजिनात हातानं दुरुस्त होणार नाही असं काही नसतं, पण पंधरा वर्षं भरली की आरटीओत पुन्हा पासिंग करावं लागतं आणि त्यात धुराची तपासणी असते. म्हणून धूर बघून घ्यायचा. काळा असेल तर नोझल साफ करून भागतं. निळा असेल तर इंजिन ऑइल खातंय समजून हात जोडून परत फिरायचं. "आणि बाई, इंजिन थंड असताना बघायचं," तो म्हणाला. "आधी चालू करून तापवून ठेवलेलं इंजिन म्हणजे पावडर थापून दाखवलेली नवरी. खोड असली तरी दिसत नाय."

राजापूरच्या अलीकडे, हायवेपासून आत एका गावात एक ट्रॅक्टर विकायचा आहे असं त्यालाच कळलं. दिवाळी होऊन गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. मालक सत्तरीचे, वाळके, उघड्या अंगावर पंचा टाकलेले. ट्रॅक्टर अंगणात माडाच्या झापांच्या मांडवाखाली, घराच्या खिडकीला अगदी चिकटून उभा. इतक्या मोठ्या अंगणात तिथेच का, ते मला कळेना.

"गणपतीपासून चावी लावलेली नाय याला," ते म्हणाले.

मेस्त्रीनं मला डोळ्यानं खुणावलं. मी इंजिनावर हात ठेवला आणि काढून घेतला. चांगलंच गरम होतं. ऊन तर तिथे पोचतच नव्हतं. मी पडवीकडे बघितलं. पाट मांडलेला, पुढ्यात ताट, ताटात भात आणि कुळथाची पिठी. कुणी हात लावला नव्हता. वरचा भात सुकून पांढरा पडला होता.

"कुणाचं जेवण राहिलंय?" मी विचारलं.

"असूदे," म्हणत त्यांनी ताटावर परात पालथी घातली. तेवढ्यात आतून बाईमाणसाचा आवाज आला, "कोण आलंय हो?" ते दबक्या आवाजात म्हणाले, "कोन नाय."

आम्ही दोघं धडधडीत समोर उभे, आणि कोन नाय! मला खोटं बोलणाऱ्याचा राग येतो, आणि धड खोटंही बोलता येत नाही त्याचा जास्त येतो. तीस वर्षं वर्गात तेच निस्तरलं. गाडीत बसताना मेस्त्रीला म्हटलं, थांब, न सांगता येऊन याला रंगेहाथ पकडते.

चार दिवसांनी एकटीच गेले. जीप रस्त्यावर ठेवली आणि पाखाडीच्या पायऱ्या उतरायला लागले. बारा वाजत आले होते. मुंबईवाल्यांना वाटतं कोकणातली भुतं रात्रीचीच. लहानपणी आम्हाला मात्र भर दुपारी बाराला विहिरीवर जायची बंदी होती. पायऱ्यांचा जांभा तापलेला, झाडाचं पान हलत नव्हतं आणि वाडीत एक कुत्रंसुद्धा नव्हतं. अर्ध्या वाटेवर असताना खाली इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. म्हटलं, सापडला चोर.

अंगणात पोचले तर ट्रॅक्टर धडधडत होता आणि त्याच्यावर कुणी नव्हतं. सीट रिकामी, स्टिअरिंग आपलं आपण थरथरतंय. काळा धूर वर जायच्या ऐवजी झापांखाली कोंडून खिडकीतून आत शिरत होता. आजूबाजूला चिटपाखरू नाही. आणि आतून तोच बाईचा आवाज, चांगला खुशीतला. "आलास रे? हातपाय धू आधी." मग जरा थांबून, "उन्हाचा किती राबतोस! बस, बस." परत थोडं थांबली आणि हसली. कुणीतरी काहीतरी बोलल्यावर हसतात तशी. दुसरा आवाज नव्हता. मी कान देऊन ऐकत होते, नव्हता.

मी घाबरले. सरळ सांगते. 

मग घरामागून म्हातारा आला आणि त्यानं बंद करायची मूठ ओढली. इंजिन धापा टाकत थांबलं. त्यानं पडवीत जाऊन तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज केला, पाट सरकवला, ताटावर वाटी वाजवली. वळला तेव्हा मी दिसले. तोंडावर बोट ठेवून तो मला लांब माडाखाली घेऊन गेला.

त्यांचा मुलगा गेल्याला सव्वा वर्ष झालं होतं. मोटारसायकलवरून येताना हायवेवर डंपरनं उडवलं. त्याची आई तेव्हा अर्धांगाच्या झटक्यानं रत्नागिरीला दवाखान्यात. डोळ्यांनी आधीच दिसत नव्हतं, झटक्यानंतर आठवणही पुढंमागं झाली. तिला धक्का सोसणार नाही म्हणून कुणी सांगितलंच नाही. घरी आणल्यावर पहिल्याच दुपारी ती पोराला हाका मारायला लागली, जेवायला तोंड उघडेना. "मला काय सुचंना बाई," काका म्हणाले. "भायेर येऊन ह्याला चावी लावली. ती म्हनाली, आला वाटतं. आनि जेवली."

"आणि मुलगा जवळ येत नाही, हे तिला कळत नाही?"

"जेवली की तिचा डोळा लागतो. उठली की सांगतो, तुज्या पायाशी बसून गेला."

रोज बाराला. सव्वा वर्ष!

"काका, काय हे चालवलंय तुम्ही!" मी जवळजवळ ओरडलेच. आवाज माझा मलाच मोठा वाटला. ते रागावले नाहीत. म्हणाले, आता तेही जमत नाय. त्या धुरानं तिला दम लागतो, डॉक्टरनं बजावलंय, धूर बंद करा नाहीतर छाती जाईल. ट्रॅक्टर लांब लावला तर तिला ऐकू जात नाही. पासिंगची मुदत संपत आलेली, तेही त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. विकून टाकायचा आणि तिला सांगायचं, पोरगा रत्नागिरीकडे एका बागेत ट्रॅक्टर घेऊन कामाला लागला. फक्त घेणाऱ्यानं तिच्यासमोर येऊन एवढं एक बोलायला हवं होतं. 

मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं असतं तर ती जेवण तरी सोडणार होती, नाहीतर धूर तरी गिळत राहणार होती. ट्रॅक्टर न्यायला गेले त्या दिवशी आत गेले. खिडकीशी खाटेवर एवढीशी बाई, कुशीवर झालेली. छातीत घरघर चाललेली. तिनं चाचपून माझं मनगट धरलं.

"तुमच्याकडं कामाला येतोय म्हने माजा पोरगा?"

"हो काकी."

"जरा तापट हाय. बोलू नका हां त्याला."

"नाही बोलणार."

"दुपारचं तेवढं वेळेवर घाला जेवायला."

"घालीन," मी म्हटलं. खोटं बोलल्याबद्दल आयुष्यभर पोरांना बाकावर उभं केलं, आणि इथे तीनदा खोटं बोलले तरी जीभ एकदाही अडखळली नाही. त्याचीच मला भीती वाटली.

मेस्त्रीनं नोझल साफ केले, एअर फिल्टर बदलला. धुराच्या तपासणीत ट्रॅक्टर पहिल्या फटक्यात पास झाला, कागद माझ्या नावावर झाले. पण ते पुढचं. ट्रॅक्टर दारात आला तेव्हाच मला वाटलं होतं, सुटले. तिसऱ्या दिवशी बाराला काकांचा फोन. कालपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. "जरा चालू करून फोन धरता काय?" मी चरफडत गेले, चावी फिरवली आणि फोन इंजिनाकडे धरला. पलीकडून ऐकू आलं, "जेवायच्या वेळेला बरोबर येतो हो." मग काकांचा आवाज, "आ कर."

तेव्हापासून ते रोजचंच झालं. पाच मिनिटं. बाजाराला गेले तरी बाराच्या आत मी घरी. फोनमधून धूर जात नाही. महिनाभरात तिचा खोकला उतरला. सरकारनं धुरासाठी एवढे नियम केले, त्यातला एक तरी त्या खाटेपर्यंत पोचला म्हणायचा.

पण मला भलतंच व्हायला लागलं. एकदा ती म्हणाली, "आज त्याला बरं नाय, आवाज घोगरा लागतोय." मी कपाळाला हात लावला. संध्याकाळी मेस्त्रीनं उघडलं तर डिझेलमध्ये पाणी गेलेलं. दुसऱ्या एका दिवशी फवारणीला उशीर झाला होता, घाईघाईनं ट्रॅक्टरवर चढले आणि रिकाम्या सीटकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "सरक रे जरा." म्हटलं आणि मग माझं मलाच ऐकू आलं. खाली उतरून कलमाच्या बुंध्याशी टेकले.  आसपास कुणी नव्हतं, आणि तरी मला ओशाळल्यासारखं झालं होतं, ते वेगळंच.

आंबा उतरायला लागला तेव्हाची गोष्ट. बारा वाजले, मी ट्रॅक्टर चालू केला, फोन वाजला. नेहमीसारखा तो इंजिनाकडे धरला. पलीकडे काहीच नाही. म्हणून कानाला लावला.

"ती गेली बाई. पहाटं."

 बंद करायच्या मुठीकडे माझा हात गेला.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. त्यांना आवाजावरून कळलं असावं. "बंद करू नका." मग म्हणाले, "शेवटी शुद्धीवर होती. मला म्हनाली, पोराला येवड्यात कळवू नका. तिकडनं गाडी दामटवत येल."

"काका, तुमच्याजवळ कुणी आहे का? मी निघते इकडून."

"या सावकाश. पन त्याला नका सांगू." ते रडत नव्हते. बाजारहाटाचं बोलावं तसं बोलत होते. "निदान जेवन तरी होऊ दे त्याचं."

बोलता बोलता मी दहा पावलं लांब आले होते, इंजिन धडधडत होतं, त्या आवाजात माझं बोलणं कुणालाच ऐकू गेलं नसतं. तरी मी ट्रॅक्टरकडे पाठ केली, फोनवर हाताचा आडोसा धरला आणि अगदी हळू म्हणाले, "नाही सांगत, काका."