विहीणबाई भीती वाजवतात

आमच्या विहीणबाईंइतकं घाबरट माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरं सापडायचं नाही, आणि आपली भीती चारचौघांत त्यांच्याइतक्या धीटपणानं मांडणारंही सापडायचं नाही. उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही मी. सून घरात आली त्याला नऊ वर्षं झाली, तेवढी वर्षं मी या बाईंना बघते आहे. त्या दिंडोरीकडच्या, घरची द्राक्षबाग. मी नाशिकरोडची, आमचे हे एकलहऱ्याला वीज केंद्रात होते. विहीणबाईंना लिफ्टची भीती, म्हणून आमच्या चौथ्या मजल्यावर त्या जिन्यानं येतात, आणि जिन्यात पाय घसरायची भीती, म्हणून चपला हातात घेऊन येतात. कुकरची शिट्टी होईपर्यंत स्वयंपाकघराबाहेर उभ्या असतात, आणि शिट्टीला उशीर झाला तर थेट गॅलरीत. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का छातीला, हे विचारायला मला दिंडोरीहून फोन. तो मारुती माझ्या घरापासून किती लांब आणि मी किती उंचावर, हे सांगून काही उपयोग होत नाही. "तरी पन बघा ना ताई, खिडकीतून दिसतंय का," म्हणतात.

आता घाबरट माणसं काय कमी आहेत का? पण बाकीची भीती लपवतात. विहीणबाई ती पेटीवर घेतात. गावच्या भजनी मंडळानं नवी पेटी आणली तेव्हा जुनी यांनी मागून घरी नेली. चार पट्ट्या मुक्या, भात्याला जागोजागी चिकटपट्टी. गाणं त्यांना येत नाही, आणि येतं असं त्या म्हणतही नाहीत. एकच काळी पट्टी दाबायची, ती वर येऊ नये म्हणून तिच्या फटीत कागदाची घडी खोचायची. द्राक्षाच्या घडांना गुंडाळतात ना, त्याच कागदाचा तुकडा. मग डावा हात भात्यावर, उजवा मोकळा, डोळे मिटलेले, आणि त्या एका सुरावर सरळ बोलायला लागायचं. यमक नाही, ताल नाही, पण एकेक ओळ अशी पडते की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार होतो. मी एकदा विचारलं, "अहो, त्यापेक्षा गात का नाही?" तर म्हणाल्या, "गाया गेलं तं सूर पळतो ताई, आन नुसतं बोलाया गेलं तं रडू येतं. सूर धरून ठिवला का मधून वाट सापडती."

ही वाट मला पहिल्यांदा दिसली ती भर मांडवात. लग्नात विहिणीची पंगत असते. मुलाची आई पाटावर बसते, ताटाभोवती रांगोळी, आणि मुलीकडच्या बायका गाणं म्हणतात, की आमची लेक सांभाळून घ्या. मी नवी पैठणी नेसून, मान ताठ करून बसले होते. गाण्याची वाट बघतेय, तर समोर पेटी आली. कागद खोचला गेला, सूर लागला, आणि या बाई डोळे मिटून बोलायला लागल्या:

"भीती वाटती त्या घरातल्या उंच फळीची,
माझ्या पोरीचा हात पोचंल का.
भीती वाटती लिफ्टच्या दाराची,
ते तिला आत घेऊन मिटंल.
भीती वाटती त्या बाईची.
ती बोलती, लय बोलती, बोलती तवर बरं हाय.
पन ती गप बसली, तर माझ्या पोरीनं काय समजायचं?"

ती बाई म्हणजे मी. जिलबी हातात तशीच. माझ्या धाकट्या जावेनं पदर तोंडाला लावला, ती रडत होती का हसत होती ते अजून कबूल करत नाही. माझा राग असा मस्तकात गेला की मी ताटावरून उठणारच होते, पण पैठणीचा काठ पाटाखाली अडकला. तेवढ्या वेळात वर पाहिलं, तर विहीणबाईंनी मोकळ्या हातानं स्वतःचाच पदर मुठीत आवळून धरला होता. मी परत बसले आणि जिलबी खाल्ली. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते फळी हातभर खाली घेतली. कुणाला कारण सांगितलं नाही.

आमचे व्याही मोजून चार शब्द बोलणारे. पण बाग भरात असताना ढग आले की तेच म्हणतात, "काढ गं पेटी." मग पडवीत त्या गारांची भीती बोलतात, व्याही खांबाला टेकून ऐकतात. गार पडायची असली तर पडते, पेटीला काही ढग भीत नाहीत. पण सून सांगते, वडील त्या दिवशी जेवतात तरी.

मला या सगळ्याचं हसू यायचं. मी म्हणजे न भिणारी बाई. हे गेले तेव्हासुद्धा लोक म्हणाले, काय धीराची आहे. मीही ते बिरुद अंगावर घालून मिरवत होते. विहीणबाई मात्र पेटी माझ्याकडे सरकवायच्या. "एकडाव बसा तं खरं, ताई." मी म्हणायचे, "मला भीतीच नाही तर बोलू कशाची?" त्या पेटी पुन्हा आपल्याकडे ओढून घ्यायच्या.

मग मागच्या वर्षी त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं: ऑपरेशन करावं लागेल, आवाजाची नस गाठीला लागूनच जाते, बहुतेक काही होत नाही, पण आवाज बदलू शकतो, क्वचित जातोही. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. ऑपरेशनआधीचे आठ दिवस त्या आमच्याकडे राहिल्या, पेटीही आली. मला वाटलं, आता आठ दिवस आपल्याला झोप नाही, एवढ्या मोठ्या भीतीला ही बाई पेटीच फोडणार. पण त्यांनी पेटी उघडलीच नाही. लिफ्टनं खाली गेल्या आणि वरही आल्या. कुकर फुसफुसत असताना शेजारी बसून मेथी निवडली. भीतीचा एवढा गवगवा करणारी बाई, आणि खरी भीती आली तर एक अक्षर नाही. सून माहेरचं काहीतरी विचारायची, त्या हं म्हणायच्या. सून दार लावून रडायची. मी आपली सगळ्यांच्या वाटचं बोलत सुटले होते, हवामान, भाजी, शेजारची सून, काहीही.

हाताला चाळा म्हणून आदल्या दिवशी मी ती पेटी पुसायला घेतली. कापूस, तेल, सुईनं फटी साफ केल्या. पट्टीतून एक काळवंडलेला कागदाचा कपटा निघाला, तो केराबरोबर टाकला. माझ्या डोक्यात आलंच नाही की आपण काय टाकतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात त्यांना हिरवा झगा घातला. ऑपरेशनला नऊला न्यायचं होतं. साडेआठला त्यांनी बरोबर आणलेली पेटी खुणेनं मागितली. नर्स म्हणाली, "आजी, इथं नाही चालत." सून तिला बाजूला घेऊन काहीतरी बोलली, आणि नर्सनं दार ओढून घेत म्हटलं, "पाचच मिनिटं हं." पेटी पलंगावर ठेवली. विहीणबाईंनी पट्टी दाबली, कागदासाठी फटीत बोट घातलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"मी टाकला," मी म्हटलं. "पुसताना. मला वाटलं केर आहे."

त्या रागावल्या नाहीत. माझं बोट धरलं आणि त्या काळ्या पट्टीवर ठेवलं. मी दाबून धरलं. त्यांनी भाता हलवला आणि सूर निघाला. लाकडातून तो माझ्या बोटात शिरला, मनगटात चढला. मला कधी माहीत नव्हतं की सूर हाताला लागतो. विहीणबाईंनी तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं, ओठ नुसते हलले. भाता मात्र चालू, आणि डोळे माझ्यावर. पाच मिनिटांतली दोन गेली असतील.

मग कोण बोललं म्हणाल? मीच. आवाज माझाच होता, पण ओळखीचा नव्हता.

"मला दुपारच्या फोनची भीती वाटते.
ह्यांची बातमी दुपारी आली होती, तीन वाजता,
मी डाळ निवडत होते.
तेव्हापासून तीनला फोन वाजला की
माझ्या हातातलं सगळं सांडतं, आणि मी म्हणते, हात ओला होता.
मला तुमच्या गप्प बसण्याची भीती वाटते.
तुम्ही भीत होता तोवर बरं होतं."

सून भिंतीला टेकून उभी होती, तिनं डोळे पुसले नाहीत. विहीणबाईंनी भाता थांबवला. आठ दिवसांत पहिल्यांदा त्या धड बोलल्या. "ताई," म्हणाल्या, "मला बी लय भ्या वाटतंय." आणि रडल्या. चांगल्या मोठ्यानं रडल्या, नर्सनं दार उघडलं तरी रडल्या. मग डोळे पुसून स्वतःच स्ट्रेचरवर चढल्या, आणि चढताना विचारलं, "याची चाकं पक्की हाईत ना?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

गाठ साधी निघाली. आवाज मात्र पुरता परत आला नाही. दोऱ्याएवढा उरला आहे, चार शब्दांत तुटतो. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही. विहीणबाई आता दिंडोरीला आहेत. पेटीला मी नवा कागद घडी घालून दिला, पण व्याही सांगतात, तो त्यांनी देवाजवळ ठेवलाय, पट्टी त्या बोटानंच धरतात.

रोज दुपारी तीनला माझा फोन वाजतो. ही वेळ विहीणबाईंनीच धरली. का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. वाजला की अजून हातातलं थोडं सांडतं. मग मी फोन कानाला लावते. पलीकडे कुणी बोलत नाही. एकच सूर असतो, थोडा फाटका, थोडा थरथरता, मी बोलायची वाट बघत. मी स्टूल ओढून घेते, बसते, आणि त्या दिवशीची भीती सांगायला लागते.