मजुराचं राहतं घर

आमचं घर वाचलं, ते कोर्टात वडील मजूर ठरले म्हणून. ही गोष्ट मी कोल्हापुरात कुणाला सांगितलेली नाही.

नव्वदच्या दशकात उद्यमनगरात वडिलांची लोखंडाच्या ओतकामाची छोटी फाउंड्री होती. शेड भाड्याची, भट्टी स्वतःची. त्याआधी ते दुसऱ्यांकडे वाळूचे साचे भरायचे. मालक झाल्यावर आईनं हौसेनं दारावर पाटी लावून घेतली. नावाखाली 'कारखानदार'. भट्टीला लागणारं लोखंडी भंगार वडिलांचा एक जुना मित्र पुरवायचा. आम्ही मुलं त्यांना काका म्हणायचो. ते कुरुंदवाडचे. कोल्हापुरात आले की जेवायला आमच्याकडेच, आणि रस्सा मिळमिळीत झाला तर आईला तोंडावर सांगायचे. माल उधारीवर दिला, पण तारण म्हणून कधी काही मागितलं नाही.

पुढं, ज्या एका मोठ्या गिऱ्हाइकावर सगळं चाललं होतं, त्यानंच काम बंद केलं. भट्टी विकावी लागली. आलेले पैसे कामगारांचे पगार आणि बँक यांतच संपले. काकांचे राहून गेले. वडील शिरोलीला दुसऱ्याच्या फाउंड्रीत पुन्हा साचे भरायला जाऊ लागले. काकांनी पुष्कळ दिवस वाट पाहिली, मग दावा लावला. निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि एका सकाळी कोर्टाचा बेलीफ घराच्या जप्तीचा कागद घेऊन दारात आला. समोरच्या गॅलरीत माणसं जमली. मी तेव्हा कॉलेजात होते. मी आत जाऊन रेडिओचा आवाज वाढवला.

आमच्या वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. घर कुठं गहाण नाही ना, एवढं विचारलं आणि म्हणाले, "मजुराचं राहतं घर अशा वसुलीत जप्त करता येत न्हाई. कायदाच हाय तसा. पण तुम्ही मजूर हाय, हे कोर्टात शपथेवर सांगाय पायजे."

"खरंच हाय की मी," वडील म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी आईनं दारावरची पाटी उतरवली. चार खिळ्यांची भोकं भिंतीत तशीच राहिली. मला वाटलं, ती भोकंच आता सगळ्या गल्लीला वाचता येतील.

तारखेला मी वडिलांबरोबर गेले. वऱ्हांड्यात कॉलेजातली एक मैत्रीण भेटली. "इकडं कुठं?" तिनं विचारलं. "दाखला काढायला," मी म्हणाले.

काकांच्या वकिलांनी विचारलं, "काल-परवापर्यंत मालक म्हणून मिरवत होता. आज एकदम मजूर?"

"व्हय," वडील म्हणाले. "साचं भरतो. आठवड्याला पगार घेतो. मालक हुतो तवाबी साचं मीच भरत हुतो."

कुणीतरी हसलं. मी मान खाली घातली. बाप मजूर आहे हे असं चारचौघांत ऐकायला लागतंय, याचीच तेव्हा मला लाज वाटत होती. पलीकडच्या बाकावर काका बसले होते. त्यांच्याकडं पाहायचं मला सुचलंही नाही.

जप्ती उठली. आईनं पेढे आणले नाहीत, पण देवापुढं साखर ठेवली.

पुढच्या पगाराला वडील काही पैसे घेऊन कुरुंदवाडला गेले. बळंच मलाही नेलं. मुलगी बरोबर असली तर काका घरात घेतील, असं त्यांना वाटलं असावं. काका उंबऱ्यावरच उभे राहिले.

"गड्या, थोडं थोडं करून फेडतो," वडील म्हणाले.

"कोर्टात मजूर म्हणालास न्हवं? मजुराचं पैसं घेत न्हाई मी."

आम्ही तसेच परतलो. नंतर वडिलांनी मनीऑर्डर केली. ती परत आली. पुन्हा केली, पुन्हा परत आली. मग त्यांनी पाठवणं सोडलं. घराला नवा रंग द्यायचा विषय निघाला की मात्र ते उठून बाहेर जायचे.

खूप वर्षांनी, माझं लग्न झाल्यावर, माहेरी आले असताना मी आणि वडील एसटी स्टँडवर उभे होतो. तिथं काका दिसले. त्यांचा भंगाराचा धंदा बुडाल्याचं कानावर आलं होतं. उधारी एकट्या आमच्याकडंच अडकली नव्हती म्हणे. आता ते कुणाच्या तरी वखारीत वजनकाट्यावर बसत होते. शर्टाची कॉलर विरलेली होती. बोटाला धरून नात होती.

वडील पुढं झाले. "बरा हाईस न्हवं?"

काकांनी मान हलवली. नातीनं विचारलं, "आजोबा, कोण हो हे?"

काकांनी वडिलांकडं नीट पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"पावणं हायत कुठलं तरी," ते म्हणाले. "चल, गाडी लागली."

दोघं गर्दीतून गाडीकडं गेली. आमचीही गाडी समोरच लागली होती. वडिलांनी ती जाऊ दिली, आणि मी उचललेली पिशवी पुन्हा खाली ठेवली.