आईचे चिखलदऱ्याचे दोन दिवस

आई वर्षातले दोनच दिवस स्वयंपाकघराचं तोंड पाहत नसे. संक्रांत आटोपली की बाबा आम्हाला हिवरखेडहून चिखलदऱ्याला न्यायचे, दरवर्षी त्याच हॉटेलात. तिथल्या व्हरांड्यात आई पाय पसरून बसायची, ती जेवायलाच उठायची. एरवी संत्र्याच्या तोडीची माणसं, पाहुणे, बाबांचे मित्र, सगळ्यांच्या पोळ्या तिच्याच हातच्या. बाबांना वाटायचं, आपण बायकोला थंड हवा दाखवतो. आईला हवेचं काही पडलेलं नव्हतं. "चहासुदिक कोनी हातात आणून देते," एवढंच ती म्हणायची.

त्या हॉटेलात रोडगे करायला मिळायचे, हे बाबांचं सुख. मागच्या अंगणात एक कोपरा पाहुण्यांसाठी मोकळा असायचा. गोवऱ्या आणि गव्हाचं जाडसर पीठ आपण घेऊन जायचं, वरण आणि वांग्याची भाजी खानसामा करायचा. आमच्याकडे उघड्यावरचे रोडगे हे पुरुषांचं काम. घरी मिठाचा डबा कुठे असतो हे ठाऊक नसलेले बाबा तिथे बाह्या सरसावून कणकेचे गोळे निखाऱ्यात लोटायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, आणि आईला पहिलं ताट द्यायचे.

माझं लग्न नाशिकला झालं. बाबांनी माझ्या सासू-सासऱ्यांपुढे त्या हॉटेलचं इतकं कौतुक केलं होतं की ते यंदा मुद्दाम आले. गाडी माझा नवरा चालवत होता. डिकीत बॅगा कमी आणि गोवऱ्या जास्त. निघताना बाबांनी बजावलं, "व्याहीबुवा, पोटाले जागा ठेवा. वर रोडगे खायचे हायेत." त्या भिडेपोटी सगळे नुसत्या चहावर घाट चढले.

हॉटेलचे म्हातारे मालक गेले होते आणि मुलांनी ते दुसऱ्या कुणाला चालवायला दिलं होतं. व्हरांडा काचा लावून बंद केलेला, त्याच्या तीन खोल्या झालेल्या. गाद्यांना ओल चढलेली. गिझरचा लाल दिवा लागायचा, पाणी मात्र गारच. घरी चहा जरा कोमट झाला तरी कप परत पाठवणारे बाबा इथे सगळ्याची बाजू घेत सुटले. "थंड्या पान्यानं अंग मोकळं होते," असं त्यांनी सासऱ्यांना सांगितलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना.

मागच्या अंगणात हिरवा प्लॅस्टिकचा गालिचा अंथरला होता आणि फोटो काढायला पत्त्यांतल्यासारखा एक मोठा लाल बदाम उभा केला होता. गोवऱ्या पाहून मॅनेजर धावत आला. बाहेरचं खाणं चालत नाही, म्हणाला.

"बाहेरचं कुठं? इथंच तर करून राहिलो!"

"धूर होतो, काका. गेस्ट लोक तक्रार करतात."

बाबांनी हातातली गोवरी खाली ठेवली. या हॉटेलात आपण कोण आहोत, हे आजवर त्यांना कुणाला सांगावं लागलं नव्हतं. शेवटी भुकेने कासावीस होऊन आम्ही मिळेल ते मागवलं. लाल रश्श्यातलं पनीर आलं आणि वातड रोट्या. बाबांनी दोनदा वाढून घेतलं. सासूबाई "छान आहे" म्हणत रोटीशी झटत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पत्ता नाही. फोन कुणी उचलेना. सासूबाईंना गोळी घ्यायची होती, ती रिकाम्या पोटी चालत नाही. मी आईला शोधत खाली गेले, तर ती हॉटेलच्या स्वयंपाकघरात पदर खोचून उभी. एका शेगडीवर चहा, दुसरीवर पोहे. तिथला माणूस बाजूला बसून मोबाइल बघत होता. मला असा संताप आला की मी तशीच वर जाऊन बाबांना बोलावून आणलं.

बाबा दारात थबकले. "हौसेनं करून राहिली ते," म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"हौस नाही ती, बाबा," मी म्हणाले. पोह्यांची बशी त्यांनी तशीच बाजूला सारली.

आम्ही त्याच दुपारी निघालो. परतवाड्याला चहाला थांबलो तेव्हा सासरे शिष्टाचार म्हणून बोलले, "मजा आली. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ."

"नाही," बाबा म्हणाले. "हॉटेल बिघडलं. गादीवर बसल्या बसल्याच मले समजलं होतं. पण तुमच्यासमोर तोंडातून निघेना."

सासरे आधी चपापले, मग खो खो हसायला लागले. सासूबाईंनी गिझरचं सांगितलं, नवऱ्याने रोट्यांचं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच सगळे मोकळेपणाने बोलले. बाबांच्या डोक्यावरचं तर मणाचं ओझं उतरलं. त्या भरात ते म्हणाले, "पुढल्या संक्रांतीले सरळ घरीच या. चांगले चार दिवस राहा."

"चालेल की!" सासूबाई खूश झाल्या. "विहीणबाईंच्या हातचं मनसोक्त खाऊ."

"या नं," आई हसून म्हणाली. मग गाडीत बसताना माझा हात धरून तिने हळूच सांगितलं, "दोन दिवस होते वं मले. तेबी गेले."