वापरमास्तर

आमच्या इंग्रजीच्या मास्तरांना नुसता अर्थ सांगून भागत नसे. पाठ केलेला अर्थ ऐकून घेत आणि म्हणत, "छान. आता वापर." त्यामुळे नंदुरबारात त्यांचं नावच वापरमास्तर पडलं होतं.

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. एकदा त्यांनी फळ्यावर 'कट फ्रॉम द सेम क्लॉथ' लिहिलं. "एकाच ताग्यातून बेतलेले. पण हे दिसण्याबद्दल नाही हं, जुळ्या भावांना लावू नका. वेगवेगळ्या घरची दोन माणसं स्वभावाने सारखी निघाली, तर खुशाल म्हणा."

वर्गात मुली आम्ही दोघीच. त्याच आठवड्यात तपासणीचे साहेब आले, सोबत शाळेची कमिटी. साहेबांनी या शब्दांवर वाक्य मलाच विचारलं. मी इंग्रजीत म्हणाले, "आमचे मास्तर आणि करीमचाचा शिंपी एकाच कापडाचे आहेत."

"का बरं?"

"दोघंही चुकलेलं उसवतात, पण रागवत नाहीत."

साहेब हसले. कमिटीचे अध्यक्ष मात्र लाल झाले. मास्तरांची बरोबरी शिंप्याशी! मला छडी मारा, असं त्यांनी फर्मावलं.

"वाक्य बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "बरोबर उत्तराला मी छडी मारत नाही."

महिनाअखेर त्यांची नोकरी गेली. आमच्या शेताला पाटाचं पाणी अध्यक्षांच्या बांधावरून येई. वडील घाबरले. "तुन्हा एक बोलमुये मास्तरनी भाकर गयी. आते शाळा बंद."

नंदुरबार सोडून जायच्या दिवशी मास्तर तीन कोस चालत आमच्या गावी आले. सोबत दुकान बंद करून आलेले करीमचाचा. मी रडत माफी मागू लागले.

"कशाबद्दल? तू मला ज्याच्या शेजारी बसवलंस, त्याच्याबरोबरच आलोय ना मी?" मग वडिलांकडे वळून म्हणाले, "पाटील, मला दुसरीकडे नोकरी लागेल. हिची शाळा सुटली तर पुन्हा लागणार नाही."

"मास्तरनी रेल्वे चुकी जाई," करीमचाचा म्हणाले, "पन ऐकेत नही. पहिले पोरगीनं घर म्हने."

 वडिलांनी उठून गाडीला बैल जुंपले. "बसा, मी सोडी येस. पोरी, तूबी चाल. वाटमा शाळामा सांगी येऊत, उद्यापासून पोरगी येई."

स्टेशनला आडवाटेनेही जाता आलं असतं. वडिलांनी गाडी भर बाजारातून, अध्यक्षांच्या दारावरून नेली.