पेरणाऱ्याच्या पानावरची ओळ

बाबा गेल्यावर आज धुळ्याच्या घरी त्यांचं बायबल पहिल्यांदा उघडलं आणि सुकलेल्या कडुनिंबाचा वास आला. कसर लागू नये म्हणून ते पानांत पाला ठेवायचे. त्या वासासरशी मी मनानं शिरपूरपलीकडच्या पाड्यावरच्या कुडाच्या प्रार्थनाघरात जाऊन बसले.

बाबा तिथले पाळक. मी कॉलेजात शिकत होते आणि त्यांचा देव तर्काला टिकत नाही, हे दाखवायला टपलेली असायची. त्या रविवारी ते बायबलातला पेरणाऱ्याचा दृष्टांत सांगत होते. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळ जागी. मी सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, असं बी वाया घालवणारा शेतकरी असतो का? ही गोष्ट रचणाऱ्याला शेतीच माहीत नसणार."

चटईवर बसलेल्या म्हाताऱ्या रुमाबाई म्हणाल्या, "पोरी, आम्ही उतारवर पहिले बी फेकतस, मंग नांगर फिरावतस. खाले खडक शे का, आधी कसं समजी?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझे कान तापले. बाबा मात्र खाली वाकून पेन्सिलीनं काहीतरी लिहीत होते. मला पुढे गप्प करायला मुद्दा टिपून ठेवताहेत, असंच मला वाटलं. त्यानंतर मी त्यांना कधी काही विचारलं नाही.

आज बायबलात पेरणाऱ्याचं ते पान सापडलं. समासात त्यांचं बारीक अक्षर होतं: 'इतकी वर्षं सांगत आलो, आज समजलं. लेकीनं विचारलं म्हणून.'